हातभर भांड्यातला प्लाझ्मा आणि अवकाशातला प्लाझ्मा: एकावरून दुसऱ्याचं कितपत कळतं?

प्रश्न एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रयोगशाळेतला प्लाझ्मा मीटर-दोन मीटरच्या भांड्यात असतो आणि बऱ्याचदा काही मिलिसेकंदांत विझतो. सौरवारा, म्हणजे सूर्यावरून सतत वाहणारा प्लाझ्मा, कोट्यवधी किलोमीटर पसरलेला आहे. मग भांड्यात काहीतरी मोजून सूर्याबद्दल बोलणं म्हणजे बादलीत हात फिरवून समुद्रातल्या वादळाबद्दल बोलण्यासारखं नाही का? आणि संशोधनात यायचं तर या दोन्हींपैकी कुठे यावं?

बादलीचा टोमणा मला आवडला, कारण जहाजं बांधणारे नेमकं तेच करतात. छोटी प्रतिकृती हौदातून ओढतात आणि त्यावरून खऱ्या जहाजाला किती जोर लागेल ते ठरवतात. त्यांना ठाऊक असतं की जुळवायचा असतो तो आकार नाही, गुणोत्तर. लाटांचं गुणोत्तर जुळवलं की पाण्याच्या चिकटपणाचं जुळत नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. ते त्याचा हिशेब वेगळा मांडतात. आमचा, प्रयोगशाळेत प्लाझ्मा मोजणाऱ्यांचा, धंदा याहून फार वेगळा नाही. फक्त आमच्याकडे गुणोत्तरं जास्त आहेत आणि न जुळणारीही जास्त आहेत.

प्लाझ्मा म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, ही व्याख्या तुम्हाला माहीत आहेच. वायूला हे नाव अर्व्हिंग लँगम्युअरने १९२८ मध्ये दिलं. पण नुसते सुटे कण असून भागत नाही, ते समूहानं वागले पाहिजेत. कुठे जास्तीचा प्रभार आला की आजूबाजूचे इलेक्ट्रॉन सरकून तो झाकून टाकतात, आणि हे झाकणं जेवढ्या अंतरात पुरं होतं ती डिबाय लांबी. माझ्या भांड्यात घनसेंटिमीटरला १० अब्ज इलेक्ट्रॉन आणि तापमान २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (म्हणजे साधारण २३ हजार केल्विन) धरलं, तर ही लांबी मिलिमीटरचा दहावा भाग येते. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात घनसेंटिमीटरला पाचेक कण असतात. तिथे ती १० मीटरच्या आसपास जाते. माझं भांडं एक मीटरचं असलं तरी त्यात दहा हजार डिबाय लांब्या मावतात. त्या प्लाझ्माच्या दृष्टीनं ते भांडं चांगलं ऐसपैस आहे. 'भांडं लहान आहे' हे वाक्य सेंटिमीटरमध्ये बोललं की अर्धवट राहतं. कशाच्या मानानं लहान, ते सांगावं लागतं.

आता एक उदाहरण नीट बघू, कारण दोन्हीकडच्या लोकांनी एकाच गोष्टीचा पाठलाग केल्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. चुंबकीय पुनर्जोडणी. उलट दिशांची दोन चुंबकीय क्षेत्रं एकमेकांवर दाबली गेली की मधल्या पातळ थरात क्षेत्ररेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात आणि साठलेली चुंबकीय ऊर्जा कणांना मिळते. सौरज्वाला यातून पेटतात, पृथ्वीच्या चुंबकीय कवचात सौरवाऱ्याची ऊर्जा यातून शिरते, आणि टोकामॅकमधला (अणुसंमीलनासाठीच्या कडीच्या आकाराच्या यंत्रातला) प्लाझ्मा अधूनमधून उचकी दिल्यासारखा ऊर्जा सांडतो तेही यातूनच.

यावरचा पहिला हिशेब १९५६-५७ मध्ये स्वीट आणि पार्कर यांनी मांडला. हिशेब सुंदर होता आणि उत्तर चुकीचं येत होतं. त्याप्रमाणे सौरज्वालेला ऊर्जा सोडायला महिने, कदाचित वर्षं लागली असती. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत भडकते. गफलत कुठे होती? त्या हिशेबात प्लाझ्मा म्हणजे एकच विजेचा सुवाहक द्रव होता, आयन आणि इलेक्ट्रॉन हातात हात घालून जाणारे. पातळ थरात ते तसे जात नाहीत. आयन जड, त्यांना वळण घ्यायला जागा लागते. थराच्या अलीकडेच ते चुंबकीय क्षेत्राची साथ सोडतात. इलेक्ट्रॉन अगदी आतपर्यंत क्षेत्राला चिकटून राहतात. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या की विद्युतप्रवाह तयार होतो, आणि त्या प्रवाहाचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र पुनर्जोडणी ज्या पातळीत घडते तिला काटकोनात उभं राहतं: चार कोपऱ्यांत चार तुकडे, आत-बाहेर-आत-बाहेर असे. हा चौकोनी ठसा दिसला तर समजायचं की आयन आणि इलेक्ट्रॉन वेगळे झालेत.

हा ठसा अवकाशात आधी दिसला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 'विंड' यान पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत (कवचाच्या सूर्यापासून दूरच्या, लांब ताणलेल्या भागात) अशा थरातून गेलं होतं. पण एक यान म्हणजे एक रेघ. अंधाऱ्या खोलीतून टॉर्चचा एकच झोत फिरवून खोलीचा नकाशा काढायचा, तसला प्रकार. प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेत १९९५ पासून पुनर्जोडणीसाठीच बांधलेलं एमआरएक्स हे यंत्र चालत होतं. तिथे चुंबकीय प्रोबच्या (प्लाझ्मात खुपसायच्या मापकांच्या) ओळीच्या ओळी लावून चारही कोपरे एकाच वेळी मोजले गेले आणि ठशाचा पूर्ण नकाशा मिळाला. याचं श्रेय नुसतं अचूकतेला देऊ नका. यंत्रात तोच थर पुन्हापुन्हा बनवता येतो, घनता बदलून बघता येते, आणि ठसा कधी नाहीसा होतो तेही बघता येतं. घनता वाढवून टकरी वाढवल्या की ठसा विरतो आणि स्वीट-पार्करचा संथ हिशेब जवळजवळ बरोबर येऊ लागतो. सूर्याला आपण असं काही करायला सांगू शकत नाही.

मग अवकाशाकडे उरलं काय? सगळ्यात आतला, इलेक्ट्रॉनचा थर. एमआरएक्समध्ये इलेक्ट्रॉनची नैसर्गिक लांबी, म्हणजे ज्या अंतराच्या आत इलेक्ट्रॉनही क्षेत्राची साथ सोडतात ती, दीड-दोन मिलिमीटर येते. प्रोबची काच किंवा सिरॅमिकची नळी त्याहून जाड! म्हणजे जे मोजायचं त्यात आपणच पाचर मारून ठेवायची. पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या कडेला तीच लांबी दीड-दोन किलोमीटर होते. मिलिमीटरचे किलोमीटर झाले, गुणोत्तर तेच, आणि आता उपकरण थरापेक्षा लहान आहे. १२ मार्च २०१५ ला सोडलेल्या नासाच्या एमएमएस मोहिमेची चार यानं चौफलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या पिरॅमिडच्या) कोपऱ्यांवर दहा किलोमीटरच्या आसपास अंतर ठेवून उडत होती. पंचाईत वेगाची होती. कवचाची कड सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं पुढंमागं हलते, त्यामुळे असा थर यानावरून सेकंदाच्या अंशात निघून जातो. आधीच्या मोहिमांत इलेक्ट्रॉनचं एक पूर्ण चित्र मिळायला यानानं स्वतःभोवती फेरी पूर्ण करावी लागे, म्हणजे काही सेकंद. एमएमएसवर सगळ्या बाजूंना संवेदक बसवून ते काम ३० मिलिसेकंदांवर आणलं. १६ ऑक्टोबर २०१५ ला कवचाच्या सूर्याकडच्या कडेवर यानं नेमकी त्या थरातून गेली आणि इलेक्ट्रॉनच्या वेगांचा चंद्रकोरीसारखा आकार दिसला. इलेक्ट्रॉनही क्षेत्राची साथ सोडतात, त्याची ही खूण.

जाता जाता सांगते: एवढ्या वेगानं घेतलेली सगळी नोंद पृथ्वीवर पाठवणं शक्यच नसतं. यान आधी मोघम नोंद पाठवतं, ड्यूटीवरचा माणूस ती बघून ठरवतो की कुठली मिनिटं पूर्ण तपशिलात मागवायची, आणि बाकीची पुसली जातात. एवढ्या मोठ्या मोहिमेचं यश शेवटी कुणाच्या तरी नजरेवर उभं असतं. मला यात फार समाधान वाटतं.

दोन्हीकडची बेरीज केली तर काय दिसतं? एमआरएक्समध्ये आत येणाऱ्या चुंबकीय ऊर्जेपैकी सुमारे निम्मी कणांना मिळते, आणि त्यातले साधारण दोन वाटे आयनांना, एक वाटा इलेक्ट्रॉनांना. चुंबकीय शेपटीतली मोजमापं याच्या जवळपास येतात. हे जुळलं. जुळलं नाही तेही सांगते: एमआरएक्समधला इलेक्ट्रॉन-थर द्विमितीय संगणकीय हिशेबापेक्षा तीन ते पाच पट जाड निघाला होता. दोष प्रोबचा, उरल्यासुरल्या टकरींचा, की हिशेबात तिसरी मिती नसल्याचा, यावर पुष्कळ वाद झाला. आमच्या क्षेत्रात मजा अशाच ठिकाणी असते. दोन्ही आकडे जुळले की निबंध छापून होतो. न जुळले की दहा वर्षं काम पुरतं.

तुमच्या शंकेत तथ्य आहे ते इथे. सौरवाऱ्यात एका कणाची दुसऱ्याशी खऱ्या अर्थानं टक्कर व्हायला साधारण सूर्य-पृथ्वी अंतराएवढा, पंधरा कोटी किलोमीटरचा प्रवास लागतो. माझ्या भांड्यात तो कण सेंटिमीटर-मीटरच्या हिशेबात कुणावर तरी आदळतो, आणि नाही आदळला तर भिंतीवर आदळतो. अवकाशाला भिंत नाही. भिंतीजवळ प्लाझ्मा स्वतःचं एक पातळ पांघरूण तयार करतो, तिथून आयन बाहेर ओढले जातात, धातूतून अशुद्धी आत येते. अशा भानगडींना सूर्यावर समांतर असं काही नाही. दुसरं, चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला किती घट्ट धरून आहे ते सांगणारी लुंडक्विस्ट संख्या. ती एमआरएक्सच्या घरात शेकडा-हजारात असते, सूर्याच्या प्रभामंडळात (कोरोनात) १ वर बारा शून्यं किंवा त्याहून जास्त. एवढी दरी कुठल्याच भांड्यानं भरून निघणार नाही. लांबलचक थर तुटून त्याचे गोळे-गोळे होणं, त्यातून पुन्हा लहान थर, हा जो पसारा सूर्यावर चालतो असं दिसतं, तो लहान यंत्रात पुरता उभाच राहत नाही. म्हणून जेव्हा कुणी 'प्रयोगशाळेत सौरज्वाला निर्माण केली' असं म्हणतं तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, कुठलं गुणोत्तर जुळवलं आणि कुठलं सोडून दिलं? उत्तर लगेच आलं तर काम चांगलं असतं.

या बाबतीत क्रिस्टियान बिर्केलंड मला नेहमी आठवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नॉर्वेच्या माणसानं निर्वात पेटीत चुंबकीय गोळा टांगला आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉन सोडले. गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली, ध्रुवीय प्रकाशासारखी. त्यावरून त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे इलेक्ट्रॉन थेट सूर्यावरून झोतानं येतात; ती चूक होती. दुसरी, ध्रुवीय प्रकाशात विद्युतप्रवाह चुंबकीय रेषांच्या बाजूनं वाहत खाली येतो; ती बरोबर होती, पण त्याच्या मृत्यूनंतर अनेक दशकं तिला मान्यता नव्हती. उपग्रहाच्या चुंबकमापकानं १९६६ मध्ये तिचा पुरावा दिला. पेटी एकच, प्रयोग एकच. पेटीत जे घडत होतं त्याचा कुठला भाग आकाशात घेऊन जायचा, हे पेटी सांगत नाही.

त्याच ध्रुवीय प्रकाशाचा पुढचा भाग अलीकडचा आहे. इलेक्ट्रॉनांना एवढा वेग कोण देतं? संशय अल्फवेन लाटांवर होता. ताणलेल्या तारेसारख्या चुंबकीय रेषा थरथरतात, त्या या लाटा. हान्नेस अल्फवेननं त्या १९४२ मध्ये कागदावर मांडल्या. यानाला लाट दिसते, वेगवान इलेक्ट्रॉनही दिसतात, पण याच लाटेनं त्याच इलेक्ट्रॉनांना ढकललं हे एका उडत्या यानावरून सिद्ध करणं फार कठीण. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सुमारे २० मीटर लांबीचं प्लाझ्मा यंत्र आहे, ते सेकंदाला एक या गतीनं नवा प्लाझ्मा बनवतं. तिथे लाट सोडून इलेक्ट्रॉन तिच्यावर स्वार होऊन ऊर्जा घेताना पकडले गेले. हे काम २०२१ मध्ये आलं.

आता मोजण्याबद्दल, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. लँगम्युअर प्रोब म्हणजे दिसायला काहीच नाही: पाव मिलिमीटरची टंगस्टनची तार, सिरॅमिकच्या नळीतून पाचेक मिलिमीटर टोक बाहेर. तिला उणे व्होल्टेज द्या, आयन थोडासा प्रवाह देतात. व्होल्टेज वर चढवत न्या, इलेक्ट्रॉन येऊ लागतात आणि प्रवाह भराभर वाढतो. २ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्लाझ्मा असेल तर दर २ व्होल्टला प्रवाह सुमारे २.७ पट. लघुगणकी कागदावर ती सरळ रेघ येते आणि तिच्या उतारावरून तापमान कळतं. मग एक कोपरा येतो आणि रेघ वाकते. तिथे प्लाझ्माचं स्वतःचं विभव (व्होल्टेज).

पीएच.डी.च्या दिवसांत मला भांड्याच्या कडेला जास्त तापमानाचा एक थर सापडला होता. मध्यभागी अडीच, कडेला चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तीन आठवडे मी त्यामागचं कारण शोधत होते, दोन सिद्धांतही तयार होते. एका संध्याकाळी व्होल्टेज वर नेताना आणि खाली आणताना असे दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, तर ते जुळेचनात. तारेच्या टोकावर पंपाच्या तेलाची पुटं चढली होती. पुटाचा अडथळा रेघेचा उतार कमी करतो, उतार कमी म्हणजे तापमान जास्त. कडेची मोजमापं मी रोज शेवटी घेत असे, तोवर टोक पुरेसं मळलेलं असे. प्रोबला बरंच धन व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं टोक लाल होईपर्यंत तापवलं, आणि माझा थर गेला. तेव्हापासून प्रत्येक मोजमापाआधी टोक तापवायचं आणि आलेख दोन्ही दिशांनी काढायचा.

अवकाशात गेलात म्हणून यातून सुटका नाही, उलट तिथे अख्खं यानच प्रोब होऊन बसतं. उन्हात यानाच्या पृष्ठभागावरून प्रकाश इलेक्ट्रॉन उडवतो आणि यान काही व्होल्ट धन होतं. ते उडालेले इलेक्ट्रॉन परत येऊन उपकरणात शिरतात आणि सौरवाऱ्याचे असल्याचं भासवतात. भूस्थिर कक्षेतला उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की तापलेले इलेक्ट्रॉन त्याला हजारो व्होल्ट ऋण करू शकतात. म्हणून एमएमएसच्या प्रत्येक यानाला विद्युतक्षेत्र मोजायला ६० मीटर लांबीच्या चार तारा बाहेर सोडल्या आहेत, यानाच्या स्वतःच्या ढगापासून दूर जाण्यासाठी, आणि प्रभार काबूत ठेवायला इंडियमचे आयन बाहेर फेकणारं उपकरण बसवलं आहे. माझ्या टंगस्टनच्या टोकावरचं पूट आणि यानाभोवतीचा हा ढग, दोन्ही एकाच जातीचे. फरक एवढाच की यानाचं टोक खोलून पुसता येत नाही.

दोन्ही टोकं एकत्र येतात असा एक प्रसंग मला फार प्रिय आहे. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन थोडे बाजूला सरकवले तर आयन त्यांना मागे ओढतात, ते पलीकडे निघून जातात, पुन्हा ओढले जातात. या झुलण्याची वारंवारता मुख्यतः घनतेवर ठरते. घनता चौपट झाली की वारंवारता दुप्पट. टाँक्स आणि लँगम्युअर यांनी १९२९ मध्ये काचेच्या नळ्यांतल्या वायूवर काम करताना हे मांडलं. माझ्या भांड्यात ती ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास येते, मोबाइलच्या पट्ट्यात, त्यामुळे खोलीतले फोन बंद करावे लागतात.

व्हॉयेजर १ हे यान सूर्याच्या प्लाझ्माचा फुगा सोडून आंतरतारकीय प्रदेशात शिरलं का, यावर २०१२-१३ मध्ये जोरात भांडण चाललं होतं. २५ ऑगस्ट २०१२ ला वैश्विक किरण एकदम वाढले होते, पण चुंबकीय क्षेत्राची दिशा अपेक्षेप्रमाणे बदलली नव्हती. घनता मोजली की निकाल लागला असता, आणि घनता मोजणारं उपकरण १९८० मध्येच बंद पडलेलं! मग मार्च २०१२ मध्ये सूर्यावर झालेल्या उद्रेकाचा धक्का वर्षभरानं तिथे पोहोचला आणि एप्रिल २०१३ मध्ये यानाच्या १० मीटरच्या दोन अँटेनांनी प्लाझ्मा झुलताना ऐकला: सुमारे २.६ किलोहर्ट्झ. स्पीकरला जोडलं तर कानाला ऐकू येईल असा सूर. त्याची घनता निघते घनसेंटिमीटरला ०.०८, फुग्याच्या आतल्यापेक्षा कित्येक पट जास्त. यान बाहेर पडलं होतं. ज्या सूत्रानं निकाल लागला ते दिव्याच्या कारखान्याशी जोडलेल्या प्रयोगशाळेतलं, त्या वेळीच चौऱ्याऐंशी वर्षं जुनं.

धुळीच्या प्लाझ्माबद्दल, म्हणजे ज्यात धुळीचे प्रभारित कण तरंगतात त्या प्लाझ्माबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण निवड करताना तो विसरू नका. तिथे भिंतीइतकंच गुरुत्वाकर्षण आडवं येतं, प्रभारित धूळ तळाशी बसते. म्हणून ते प्रयोग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेले गेले. प्रयोगशाळा आणि अवकाश यातला भेद तिथे जवळजवळ पुसला गेलाय.

राहिला प्रश्न कुठे यावं याचा. माझं मत एकतर्फी आहे, ते तसंच घ्या. पहिली दोन वर्षं प्रयोगशाळेत काढा आणि प्रोब स्वतः बनवा. निर्वात गळती शोधण्यात दिवस घालवलेल्या माणसाला यानाच्या आलेखातली खोट लवकर दिसते. उलट बाजूनं आलेल्यांना मी आलेखावर फार विश्वास ठेवताना पाहिलंय. त्यानंतर अवकाशात जायला तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. एमएमएसची नोंद सगळ्यांसाठी खुली आहे आणि ती उघडायला पायथॉनमध्ये तयार साधनं आहेत. १६ ऑक्टोबर २०१५, जागतिक वेळेनुसार १३ वाजून ७ मिनिटं, हा तुकडा उतरवून घ्या. आधी चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक काढा, त्याचं धन-ऋण चिन्ह बदलतं ती जागा शोधा, मग चारही यानांचे आलेख एकावर एक ठेवा आणि कुणाला आधी दिसलं, किती मिलिसेकंदांनी, ते बघा. त्यावरून थराचा वेग काढा, आणि वेगावरून जाडी. तुमची जाडी किती इलेक्ट्रॉन-लांब्या येते ते मला कळवा.